बोर्ड लावला त्या वर्षीचा हुरडा

त्या हिवाळ्यात माझं बूड एका जागी टिकत नव्हतं. स्वयंपाकघरातून ओट्यावर, ओट्यावरून रस्त्याकडेच्या वावरात, वावरातून पुन्हा घरात. गॅसवर दूध ठेवायचं आणि ते तापेपर्यंत कणसात दाणा कितपत भरलाय ते बघून यायचं, असं मी ठरवायची आणि दूध उतू जायचं. "हिच्या पायाला भिंगरी लागलीया," असं आत्याबाई दारात येईल त्याला सांगत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात.

भिंगरीचं कारण साधं होतं. मला एक धंदा सुचला होता, आणि तो करण्याजोगा आहे की नाही हे ठरवायला माझ्या हातात एकच हंगाम होता.

आमचं गाव कोल्हार. जमीन बेताची, पण तिच्यातला एक तुकडा नगर-मनमाड रस्त्याला अगदी चिकटून. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या तुकड्यात मी ऊसच पाहिलेला. त्या साली उसाचा खोडवा तुटून गेला आणि रान रिकामं झालं, तेव्हा मी नवऱ्याच्या मागं लागले की यंदा इथं हुरड्याची ज्वारी पेरू आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना हुरडा विकू. रस्त्यावरून दिवसभर शिर्डीच्या गाड्या जातात. खड्ड्यांमुळं हळू जातात, म्हणजे बोर्ड वाचायला वेळ मिळतो. "ह्या खड्ड्यांचं चांगलं बोलनारी तू पहिलीच बाई," नवरा म्हणाला. पण पेरणी करू दिली. अट एकच घातली. "हुरडा चालू हाय तवर बघ. जमतंय वाटलं तर वावर तुझं. न्हाई वाटलं तर मी उन्हाळ्याच्या तोंडाला सुरू ऊस लावतो. पर जानेवारीच्या पुढं मला लटकवू नको, उसाचं बेणं आदी सांगून ठेवावं लागतं."

ऊस एकदा लावला की आधी लागण, मग तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारा तिचा खोडवा, जमलं तर तिसऱ्या साली निडवा. म्हणजे तीन वर्षं वावर बांधलं गेलं. तीन वर्षांनी माझं वय काय असेल ते मी बोटांवर मोजायला गेले नाही, बोटं पुरली नसती.

तसा हुरडा आमच्या घराला नवा नव्हता. विहिरीमागं घरापुरती ज्वारी दर साली असायची आणि थंडीत तिथं लोक जमायचे. हुरड्याला आमच्याकडं आमंत्रण लागत नाही. रस्त्यात भेटलेल्या माणसाला 'या की हुरड्याला' म्हटलं की झालं, आणि नाही म्हटलं तरी तो येतो. नवऱ्याचे मित्र यायचे, आत्याबाईंच्या माहेरचे भाऊ-भाचे पुणतांब्याहून यायचे, पुण्याहून नणंद यायची. बांधावर गोवऱ्यांची आगटी पेटायची. निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळून दाणे मोकळे करायचे, आणि गप्पांना ऊत यायचा. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. मागून भरीत आणि भाकरी.

भाकरी म्हणजे मी. मी चुलीपुढं असायची, वावरातल्या शेडच्या मागं, जिकडं धूर जातो तिकडं. हसणं ऐकू यायचं, कशाला हसले ते ऐकू यायचं नाही. माझ्या वाट्याचा हुरडा ताटलीखाली झाकून ठेवलेला असायचा. गार हुरडा खाल्लाय का कधी? त्याच्यापरीस उपास बरा.

आणि जाताना हात पुसत पुसत प्रत्येक जण सांगायचा, "वहिनी, हे विकायला काढा. पुण्याची लोकं रांग लावतील." इतकी वर्षं मी लष्कराच्या भाकऱ्या भाजत होते, आता लष्करच म्हणत होतं की दर लावा.

डिसेंबरात पहिल्या टप्प्याची ज्वारी हुरड्यावर आली. मी सगळी एकदम पेरली नव्हती. आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पट्टे पाडले होते, कारण हुरडा कुणासाठी थांबत नाही. दाण्यात दूध आहे तोवर हुरडा, आठवडा चुकला की नुसती ज्वारी. पट्टे पाडले की एक संपतो तेव्हा दुसरा तयार होतो. ही अक्कल मला कुणी शिकवली नाही, भीतीनं सुचली.

बोर्ड लावण्याआधी चाचणी घ्यावी म्हणून मी ओळखीची माणसं बोलावली. नवऱ्याचे मित्र, मुलीच्या शाळेतले सर-मॅडम, दोन-चार दुकानदार. सगळे पोटभर जेवले आणि सगळ्यांनी तोंडभरून शाबासकी दिली. सल्लेही दिले. झोका बांधा. बैलगाडीची फेरी ठेवा. फोटो काढायला जागा करा. एकानं तर उंट आणा म्हणून सांगितलं. उंटावरचे शहाणे म्हणतात ते हेच, एवढंच मी मनात म्हटलं, पण त्या दिवशी मी हवेत होते. श्रीगोंद्याला माहेरी फोन लावला आणि भावाला सगळं सांगितलं.

भाऊ माझा धाकटा, पण जिभेनं थोरला. म्हणाला, "ताई, फुकटाला नाव कोन ठेवतं गं? ही चाचनी न्हवं, हे जेवन झालं. पैसं द्या म्हनून बघ, मंग खरी चव कळंल."

फोन ठेवला आणि माझं तोंड पडलं. राग त्याचा आला, पण तो खरं बोलला होता म्हणून जास्त आला. मी वावराच्या कडेनं दोन फेऱ्या मारल्या, घरात आले, पुन्हा बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी कोल्हारच्या पेंटरकडं जाऊन बोर्ड सांगून आले. वर 'गावरान हुरडा', खाली माणशी दर, त्याच्या खाली फोन नंबर.

बोर्ड उभा राहिला तेव्हा आत्याबाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्याच्याकडं बघत होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण आकडे कळतात.

"अन्न इकायचं?" त्या म्हणाल्या. "आपून काय हाटेलवाले हाय का?"

"ऊस विकतोच की आपण," मी म्हटलं.

"ऊस दारात आल्याल्या मानसाला इकत न्हाईत. कारखान्याला इकत्यात."

मी आवाज चढवला. नवरा मधे पडला नाही, तो पत्र्याचा संडास उभा करत होता. पुण्याच्या लोकांना आधी ते लागतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

पहिलं खरं गिऱ्हाईक आलं ते शिर्डीहून परतणाऱ्या दोन गाड्यांचं. उतरल्या उतरल्या एका बाईंनी संडास कुठंय विचारलं, तेव्हा नवऱ्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही निवडणूकच जिंकलाय. त्यांना आगटीभोवती सतरंजीवर बसवलं. चटणी तिखट झाली का, दह्याला आंबट वास येतोय का, पोरांना चटका बसेल का. मी चुलीवरून आगटीपर्यंत आणि आगटीवरून चुलीपर्यंत पळत होते. त्यातल्या एका तरुण मुलीनं विचारलं की हुरडा पचायला हलका असतो ना. आत्याबाई म्हणाल्या, "खाऊन बघ बाई. न्हाई पचला तर वावर हायेच." सगळे हसले. मला जरा धीर आला. मी चुलीकडं वळले, आणि तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज ऐकू आला.

"गाव कंचं तुमचं?"

"पुणं," संडास विचारणाऱ्या त्या बाई म्हणाल्या.

"पुनं न्हवं हो. मूळ गाव."

"सासरचं इकडचं नाही. पण माझ्या आईचं माहेर पुणतांब्याचं."

झालं. माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधीच मला कळलं की आजचा दिवस गेला. "पुनतांब्यात कुनाच्यात?" विचारून झालं, गल्ली निघाली, गोदावरीच्या घाटावरची एकच पायरी दोघींच्या घरच्या आठवणींत निघाली. त्या बाईंच्या आईला आत्याबाईंनी लहानपणी बघितलेलं होतं, म्हणे परकराचा ओचा धरून बोरं गोळा करायची. आता ती बाई गिऱ्हाईक राहिली नव्हती, भाची झाली होती. तिची ओटी भरली गेली. माझ्या कपाटातला चांगला ब्लाऊजपीस त्यात गेला. गाडीत हिरवी कणसं गेली, वांगी गेली, उसाची कांडकी गेली.

निघताना तिच्या नवऱ्यानं मोबाईल काढला आणि पैसे द्यायला स्कॅनरचा पुठ्ठा कुठाय म्हणून इकडं-तिकडं बघायला लागला. पुठ्ठा खांबाला लटकवलेला होता. आत्याबाईंनी तो काढला आणि सरळ पदराखाली घेतला.

"मावशीच्या दारात पैसं काढता व्हय? ठेवा ते."

तो बिचारा आग्रह करत राहिला. नवरा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या." आणि खरं सांगायचं तर, पिठाचे हात घेऊन चुलीमागून धावत आलेली मीसुद्धा म्हणाले, "राहू द्या हो." तोंडातून निघूनच गेलं. जन्मभर जे बोलत आलो ते तोंडाला पाठ असतं, आणि पेंटरचा बोर्ड तोंडाला वाचता येत नाही.

गाड्या गेल्यावर मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी आत्याबाईंना म्हटलं, की ह्या जिल्ह्यात कुणालाही गाव विचारलं की दोन प्रश्नांत पाहुणा निघतो. असं एकेकाला पाहुणा करत बसलो तर हुरड्यापरीस ऊस बरा. तेव्हा यापुढं नियम. आधी पैसे, मग गाव. नवरा फाटकातच पैसे घेईल, आणि त्यानंतर तुम्हाला काय विचारायचं ते विचारा.

"आगुदर पैसं आन् मंग गाव?" आत्याबाई म्हणाल्या. "मंग गाव इचारून काय त्याची पूजा घालू?"

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पण नियम चालला. नवरा फाटकात उभा राहून पैसे घ्यायचा. घेताना दुसरीकडं तोंड करायचा, लाच घेतल्यासारखा. गिऱ्हाईक यायला लागलं. एकाचं बघून दुसरं, फोनवर विचारून तिसरं. रविवारी तर आगट्या दोन पेटवाव्या लागत. शेजारच्या वस्तीवरच्या दोघी जणींना मी मजुरीनं भाकरीला बोलावलं. चुलीपुढच्या त्या जागेला मजुरी असते हे तेव्हा पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढं आलं, आणि मी ती दुसऱ्यांना देत होते.

म्हणजे धंदा चालला होता. मग मला स्वस्थ वाटायला हवं होतं की नाही? उलट जास्तच जीव टांगणीला. पहाटे उठून बोर्ड जागेवर आहे ना ते बघून यायची. फोन वाजला नाही की वाटायचं बंद पडला, वाजला की वाटायचं एवढ्या लोकांना पुरवू कुठून. नवरा रोज संध्याकाळी चहा पिता पिता विचारायचा, "मंग, बेन्याचं काय सांगू?" मी म्हणायची, उद्या सांगते. हा उद्या काही केल्या येत नव्हता. जे हवं होतं ते मिळत होतं, तरी काहीतरी खुपत होतं, आणि काय ते हाताला लागत नव्हतं.

जानेवारी लागला तेव्हा ते हाताला लागलं. बोर्ड लागल्यापासून आपलं माणूस एकही हुरड्याला आलं नव्हतं.

नवऱ्याचे मित्र रस्त्यावरून जात होते. हॉर्न वाजवत, हात करत, पण गाडी आत वळत नव्हती. एकाला मी बाजारात धरलं, तर म्हणाला, "बोर्ड दिसला वहिनी, म्हनलं गिऱ्हाईक आसंल. उगं आडचन." पुणतांब्याचे भाचे पेरूचा टेम्पो घेऊन नगरला जाताना दर वर्षी थांबायचे, यंदा तसेच गेले. ते रागावले नव्हते. त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. पैसे काढावेत तर नात्याला बट्टा, न काढावेत तर धंद्याला खोट. मग माणूस करतो काय? ॲक्सिलेटर पिळतो.

आणि विहिरीमागं आत्याबाईंनी एक पट्टा राखला होता, गूळभेंडीचा, म्हणजे गोड वाणाच्या ज्वारीचा. त्यातलं एक कणीस त्या मला गिऱ्हाइकाला देऊ देत नव्हत्या. तो लेकीचा होता. पुण्याची नणंद दर साली न सांगता यायची, एखाद्या शनिवारी दुपारी गाडीचा आवाज यायचा आणि 'आई' अशी हाक यायची. यंदा शनिवार येत होते आणि जात होते. आत्याबाई रोज विहिरीमागं जाऊन एक कणीस अंगठ्यानं दाबून बघायच्या. दूध आटत चाललं होतं. मला बोलल्या काही नाहीत. बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी मीच फोन लावला. "वन्सं, येताय कधी?"

"बघू गं वहिनी," नणंद म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी तुझी गर्दी असते म्हणे."

"तुमच्यासाठी कसली गर्दी?"

"तसं नाही गं." आणि मग ती थांबली. वन्सं बोलता बोलता थांबणाऱ्यातल्या नाहीत. तिलासुद्धा कळत नव्हतं, स्वतःच्या आईच्या वावरात कसं यायचं ते.

त्या आठवड्यात एका सुट्टीला नाशिकची मोठी पार्टी ठरली होती. मी त्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. नवऱ्यानं डोळे मोठे केले. मी बोर्डावर खताची दोन पोती उसवून बांधली आणि नणंदेला पुन्हा फोन केला. "बोर्ड झाकलाय. उद्या गिऱ्हाईक नाही. गूळभेंडी दोन दिवसांत ज्वारी होईल. यायचं तर या, नाहीतर आईला तुम्हीच सांगा."

ते चौघं आले. नवरा-बायको आणि दोन मुलं. आत्याबाईंनी त्या दिवशी ठेवणीतलं नऊवारी लुगडं काढलं होतं. आगटी विहिरीमागं पेटली, हुरडा गरम गरम चोळला गेला, नणंद आईच्या मांडीला मांडी लावून बसली. सगळं पहिल्यासारखं होतं. मजुरीच्या दोघींना सुट्टी दिलेली, म्हणून मीही पहिल्यासारखी चुलीपुढं होते. हसणं ऐकू येत होतं. मला इतकं हलकं वाटलं की भाकरी थापता थापता मी गुणगुणत होते.

दुपार कलल्यावर ते निघाले. निघताना नणंदेनं माझ्या मुलीच्या हातात खाऊला पैसे दिले. ते दर वर्षी देते, त्यात नवल नव्हतं. मुलीनं नेहमीप्रमाणं ते आणून माझ्या हातात ठेवले. खाऊची एक नोट असते. ही घडी जाड होती. मी ती उलगडली.

चौघांचे होते. बोर्डावरच्या दरानं, एक रुपया इकडं नाही की तिकडं नाही.

मी तिथंच ओट्यावर बसले. मग उठले. वावरात गेले, परत आले, पैसे डब्यात ठेवले, डब्यातून काढले, पुन्हा ठेवले. आधी वाटलं की चुकून असेल. मग वाटलं की चुकून एवढं तंतोतंत कोण देतं? मग संतापच आला. पोती बांधली, पार्टी मोडली, आईनं पट्टा राखला, आणि ही बाई पोरीच्या हातून बिल चुकतं करून गेली! आम्हाला हॉटेलवाले ठरवून गेली! डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुराचं होतं असं मी नवऱ्याला सांगितलं. चूल तर केव्हाच विझली होती.

रात्रभर ठरवत होते की ऊस. लावा तुमचा ऊस. उसाला कुणी पाहुणा येत नाही, उसाचं कुणाला वाईट वाटत नाही. सकाळी उठून नवऱ्याला तेच सांगायला निघाले होते, पण त्याआधी नणंदेला दोन शब्द सुनवल्याशिवाय मला चहा गेला नसता. फोन लावला.

"वन्सं, खाऊला एवढे देतात का?"

ती म्हणाली, "मोजलेस ना? मोजशील वाटलंच होतं."

"तुम्ही मोजून दिलेत?"

"मोजून दिले."

"का? मी तुम्हाला मागितले होते? आत्याबाईंना कळलं तर काय वाटेल त्यांना?"

"आईला कळू नये म्हणून तर पोरीकडं दिले," ती म्हणाली. "तिनं घेतले नसते. तूही घेतले नसतेस." आणि मग जरा अडखळत, जसं काही तिलाच ते बोलताना ऐकू येत होतं, म्हणाली, "वहिनी, मी तुमच्या रस्त्यावरून मागच्या महिन्यात गेले होते. शिर्डीला. थांबले नाही, गर्दी होती. पण गाडीतून बघितलं. दोन बायका भाकरी थापत होत्या आणि तू तिसरी, पळत होतीस. मी ह्यांना म्हटलं, किती राबते बघा. आणि मग घरी येईपर्यंत मला एकच आठवत होतं. बोर्ड नव्हता तेव्हाही तू तेच करत होतीस. आम्ही आगटीपाशी बसायचो, तू मागं असायचीस. तुझं लग्न झाल्यापासून मी तुला हुरडा खाताना बघितलेलं नाही. एकदाही नाही. काल मुद्दाम बघत होते. कालही नाही."

मला वाटलं होतं की खुपतोय तो बोर्ड. मी बोर्डावर पोती बांधली होती. बोर्ड लागायच्या कितीतरी आधीपासून खुपत होतं ते, फक्त तेव्हा मला बसून विचार करायलाही जागा नव्हती.

"रागावलीस?" तिनं विचारलं.

"रागावलेच होते," मी म्हटलं. "पण पैसे परत पाठवणार आहे."

"घेणार नाही मी."

"तुमची मर्जी. पण पुढच्या वर्षी पैशानं यायचं नाही. यायचं, आणि चुलीपुढं बसायचं. भाकरी तुम्ही थापायची. हा दर."

फोनवर ती हसली. मग हसता हसता तिचा आवाज ओला झाला, आणि माझाही. दोघींनी एकदमच फोन ठेवला.

आत्याबाई दाराशी उभ्या होत्या. किती ऐकलं कोण जाणे. त्यांना मी लपवलं नाही. लेक पैसे देऊन गेली हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "आईच्या दारात मोजून दिलं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मग मी पुढच्या वर्षीचा दर सांगितला, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"तिला भाकरी येती व्हय? म्या कुटं शिकवली? शिकायची पोर हुती, चुलीम्होरं बसवलीच न्हाई कदी."

"मला कुठं येत होती? तुम्हीच शिकवलीत इथं."

त्या आत गेल्या, आणि जाता जाता खांबाचा स्कॅनरचा पुठ्ठा वाकडा झाला होता तो सरळ करून गेल्या.

नवरा गोठ्यापाशी होता. मी म्हटलं, "बेणं दुसऱ्याला द्यायला सांगा."

"म्हंजे? चालतंय म्हनतीस?"

"चालतंय."

"आगं पर हिशेब? खर्च वजा जाता काय राहिलं, ते तरी सांग."

"ते सांगते मागनं. तुमच्या बहिणीनं दर दिलाय, मोजून. घरच्या माणसाला पटलं की माझ्या हातच्या भाकरीला मोल आहे. आता अजून कसली चाचणी घेऊ?"

त्याला ते अर्धंच कळलं. पण त्यानं फोन केला, बेण्याला नाही म्हणून सांगितलं, आणि बोर्डावरची पोती सोडायला गेला.

पुढच्या थंडीत नियम वाढला. गिऱ्हाइकाला आधी पैसे, मग गाव. आपल्या माणसाला गाव माहीत असतं, त्याला काम. नवऱ्याचे मित्र गोवऱ्या वाहतात, पुणतांब्याचे भाचे कणसं भाजतात आणि पेरूची पाटी ठेवून जातात. आता गाड्या आत वळतात. लाजायचं कारण राहिलं नाही.

नणंद एका शनिवारी न सांगता आली. 'आई' म्हणून हाक मारली, पदर खोचला आणि शेडच्या मागं जाऊन चुलीपुढं बसली. आत्याबाई तिच्या शेजारी पाटावर. "पानी कमी. आगं, पीठ मळ नीट. बोटं फिरव, बोटं," असं चाललेलं मला ऐकू येत होतं. मी विहिरीमागं होते, आगटीच्या कडेला, सतरंजीवर. कुणीतरी भाजलेलं कणीस हातात दिलं आणि मी ते चोळलं. चटका बसला. हुरडा मी तसाच तोंडात टाकला. गरम हुरडा इतका गोड असतो हे मला त्या घरात एवढी वर्षं काढून माहीत नव्हतं.

थोड्या वेळानं भाकरी आली. एका बाजूला जाड, कडेला फाटलेली, मधे करपलेली. सगळे माझ्याकडं बघत होते, मी काय म्हणते म्हणून. मी ती सगळी खाल्ली आणि उठले नाही, बसल्या जागेवरूनच हाक मारली, "वन्सं, अजून एक आणा."